घेताना पाच टक्के, दुरुस्तीला अठरा

नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली की तिच्यावर जीएसटी ५ टक्के. पुढे कधी तिची बॅटरी बदलायची वेळ आली, तर सुट्या बॅटरीवर १८ टक्के. रस्त्यात चार्जिंग केलं, १८. गॅरेजची मजुरी, सुटे भाग, तिथेही १८. ऑगस्ट २०१९ मध्ये या गाड्यांवरचा कर १२ वरून ५ वर आणला तो विक्री वाढावी म्हणून, आणि ती वाढलीही. त्या सवलतीचा लाभ मीही घेतला आहे, तेव्हा सवलतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार वेगळी आहे. सरकार आणि कंपन्या या दोघांनाही ग्राहक दिसतो तो शोरूममध्ये सही करेपर्यंत. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं ती वस्तू सांभाळणारा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

आधीच सांगतो, इलेक्ट्रिक गाडी मला आवडते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय भरून येत नाही, एवढ्यावरही मी ती घेतली असती. खर्चही कमी आहे, फक्त शोरूममध्ये सांगतात तितका कमी नाही. महिन्याला हजारेक किलोमीटर धरा, युनिटला सात किलोमीटर धरा, दीडशेच्या आत युनिट लागतात. सेल्समन या युनिटांना खालच्या टप्प्याचा दर लावून दाखवतो. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे मात्र १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ज्या घरात आधीच दोनशे युनिट जळतात, तिथे गाडीचा काही भाग थेट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात जाऊन पडतो. गाडीसाठी वेगळा मीटर घेतला तर चार्जिंगचा स्वतंत्र दर लागतो, पण त्यासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र लागतं, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हे सगळं धरूनही पेट्रोलच्या निम्म्यापेक्षा बराच कमी खर्च येतो. धूर पुण्यातून कमी होऊन त्यातला थोडा चंद्रपूरला जातो, तिथल्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. पण मोटर इंजिनापेक्षा ऊर्जा फार कमी वाया घालवते, त्यामुळे एकूण हिशेब तरीही गाडीच्याच बाजूने लागतो.

रेंजचा वादही माझ्यापुरता मिटला आहे. सरकारी चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत फरक असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. टाटांनी स्वतःच दोन आकडे द्यायला सुरुवात केली. मोठ्या बॅटरीच्या नेक्सॉनला चाचणीत ४८९ किलोमीटर, आणि बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळतील ते ३५० ते ३७०. हे बरं झालं. तरीही आपल्याकडे चार माणसं जमली की पहिला प्रश्न येतो, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ मला वाटतं प्रश्न असा पाहिजे: आठव्या वर्षी बिघडली तर उघडणार कोण?

हा प्रश्न मोटारीतून आलेला नाही. तो मोबाइलमधून आला आहे. ग्राहक म्हणून आपल्याला जे वळण लागलं ते फोनने लावलं, आणि आता त्याच वळणावर बारा-पंधरा लाखांची गाडी येऊन उभी आहे.

पूर्वीच्या फोनचं झाकण नखाने निघायचं. बॅटरी फुगली की बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जायचं, जुनी दाखवायची, नवी घ्यायची, तिथेच बसवून बघायची. आता फोन सीलबंद. आमच्या चौकातला दुरुस्तीवाला फोन आधी गरम तव्यासारख्या पट्टीवर ठेवतो, काचेच्या कडेचा गोंद सैल झाला की सक्शनने काच किंचित उचलतो, फटीत प्लास्टिकची पातळ चकती सरकवतो आणि श्वास रोखून ती चारी बाजूंनी फिरवतो. एखादी केसासारखी रिबन तुटली की डिस्प्लेचे पैसे त्याच्या अंगावर. एवढं करून बॅटरी बसली, फोन सुरू झाला, की पडद्यावर सूचना येते: ही बॅटरी अस्सल आहे की नाही याची खात्री करता येत नाही. बॅटरी उत्तम चालते आहे. मालकाच्या मनात मात्र शंका पेरली जाते, आणि दुरुस्तीवाला उगाचच चोर ठरतो.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की जुनी झालेली बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर अपडेटमधून कमी केला जातो. कारण तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं. थकलेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही, फोन अचानक बंद पडतो, म्हणून वेगाला लगाम. पण हे लोकांना सांगितलं नव्हतं. फोन मंद झाला म्हणून लोकांनी नवा फोन घेतला. त्यांतल्या अनेकांना नुसती नवी बॅटरी पुरली असती. पुढे फ्रान्सने २.५ कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. त्या प्रकरणातून मी एक गोष्ट घेतली: वस्तू माझ्या खिशात असली तरी ती कशी चालायची हे रात्रीत बदलण्याची सोय दुसऱ्याच्या हातात आहे, आणि बदल केला हे मला कळवणं त्याच्या मर्जीवर आहे.

आपल्या घरांत वस्तू एका हाती संपत नाही, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुलाने नवा फोन घेतला की त्याचा जुना आईकडे जातो, आईचा आजीकडे किंवा गावी काकांकडे. गाडीचंही तेच. पुण्यात सहा-सात वर्षं फिरलेली गाडी साताऱ्यात, कराडात, पुढे एखाद्या तालुक्याच्या गावी दुसरं, तिसरं आयुष्य काढते. स्वस्त आणि टिकाऊ वाहन मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत पोचतं ते याच वाटेने. नव्या गाडीची सबसिडी त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नाही. सेकंडहँड बाजार हीच त्यांची सबसिडी.

आणि इलेक्ट्रिक गाड्या नेमक्या या वाटेवर अडखळतात. गेल्या दोन वर्षांत बॅटरीच्या आजीवन वॉरंटीची लाट आली आहे. एमजीने विंडसरला दिली, महिंद्रने चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ला दिली, टाटांनी हॅरियरपासून सुरुवात करून ती इतर मॉडेलांवरही आणली. जाहिरातीत हे मोठ्या अक्षरांत असतं. बारीक अक्षरांत असतं: पहिल्या मालकासाठी. टाटांच्या अटींत तर आयुष्य म्हणजे नोंदणीपासून पंधरा वर्षं. गाडी विकली की वॉरंटी आक्रसते, काही ठिकाणी आठ वर्षांवर, काही ठिकाणी दहा. आता विचार करा, रसायनशास्त्राला मालकाचं नाव कुठे कळतं? आरसी बुकावरचं नाव बदललं म्हणून बॅटरीतले सेल लवकर मरत नाहीत. तरीही वॉरंटी कमी होते, आणि त्याबरोबर गाडीची पुनर्विक्रीची किंमत. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे, म्हणजे आठ वर्षं जुनी गाडी चार लाखांना घेणारा, त्याच्याच हातात सर्वांत पातळ कागद येतो.

बॅटरीच खरेदीत धरू नका, भाड्याने वापरा, असाही एक मार्ग निघाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर ९.९९ लाखांत आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली. ज्याला बॅटरीची धास्ती आहे त्याला हा सौदा पटू शकतो. मला त्यात वावगं दिसत नाही. पण गाडीतला सर्वांत महाग भाग दुसऱ्याच्या नावावर असेल, तर ती जुन्या बाजारात विकताना काय काय विचारलं जाईल याची कल्पना केलेली बरी.

बॅटरीबद्दल एक तांत्रिक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सगळा वाद तिथेच आहे. गाडीखालची बॅटरी म्हणजे एक वस्तू नव्हे. त्यात शेकडो, काही गाड्यांत हजारो सेल असतात, ते गटागटाने मॉड्यूलमध्ये बसवलेले, आणि मॉड्यूल मिळून पॅक. वर एक इलेक्ट्रॉनिक मेंदू बसलेला असतो, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. तो सेलगटांची व्होल्टेज आणि ठिकठिकाणचं तापमान सतत मोजत असतो. संपूर्ण पॅकची ताकद सर्वांत कमजोर सेलवर ठरते. एक मॉड्यूल गचाळ निघालं की गाडी शंभर टक्के चार्ज दाखवूनही लवकर संपते. अशा वेळी सगळा पॅक काढून फेकायची गरज नसते. तो उघडून नेमकं दुखणारं मॉड्यूल बदलता येतं. ते करायचं तर दोन गोष्टी लागतात: आतली मोजमापं वाचता आली पाहिजेत, आणि ते एक मॉड्यूल विकत मिळालं पाहिजे.

पहिली गोष्ट गाडीतच आहे. मोजमापं रोज होतात, गाडीतल्या सिमकार्डावरून बऱ्याचदा कंपनीच्या सर्व्हरकडेही जातात. माझ्या गाडीच्या बॅटरीची तब्येत कंपनीला बसल्या जागी कळते. मला डॅशबोर्डवर फक्त आज किती टक्के चार्ज आहे तेवढं दिसतं. मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे, हा साधा आकडा मी सर्व्हिस सेंटरला मागितला तेव्हा मिळालेलं उत्तर होतं, ‘साहेब, सगळं ओके आहे.’ ओके म्हणजे किती, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्येच २०२६ च्या मॉडेलांपासून हा आकडा चालकाला दाखवण्याचा नियम केला होता. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, तिच्यात काय आहे, किती झिजली आहे, सगळं नोंदवलेलं. यात अंतराळविज्ञान नाही. आकडा गाडीत आहे, पडद्यावर आणायचा आहे.

पडद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. ताम्हिणीत भर पावसात समोर ढग उतरलेला असताना काच आतून धुरकट झाली, आणि ब्लोअर शोधायला मेन्यूत शिरावं लागलं, तर ती आधुनिकता कोणाच्या उपयोगाची? बटण असेल तर हात आपोआप जातो, नजर रस्त्यावर राहते. पडदा स्वस्त पडतो म्हणून बटणं गेली. एका काचेत सगळं कोंबलं की वायरिंग वाचतं, आणि वर हायटेक म्हणून मिरवताही येतं. युरोपच्या सुरक्षा चाचणी संस्थेने जानेवारी २०२६ पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांची नियंत्रणं पडद्याबाहेर हवीत असा नियम आणला. आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपनेही हा नियम उचलावा, आणि घाटातल्या पावसाला स्मरून त्यात ब्लोअरची भर घालावी.

सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गाडीची सर्वांत वाईट बाजू अमेरिकेत दिसली. फिस्कर नावाच्या कंपनीने ओशन ही देखणी इलेक्ट्रिक एसयूव्ही विकली आणि जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या चालू होत्या, कंपनी नव्हती. अपडेट कोण देणार, सर्व्हर कोण चालवणार, भाग कुठून आणणार? शेवटी मालकांनीच संघटना काढली आणि मिळेल तिथून माहिती गोळा करत गाड्या जिवंत ठेवल्या. आपल्याकडे हे होणार नाही असं समजू नये. एकेकाळी ई-स्कूटरच्या विक्रीत देशात पहिल्या क्रमांकावर असलेली हीरो इलेक्ट्रिक २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बंद पडलेल्या कंपनीची जुनी पेट्रोल गाडी नाना पेठेतला एखादा मिस्त्री जुळवून-जुळवून चालवून देतो. सॉफ्टवेअरला कुलूप असलं तर त्या मिस्त्रीच्या हातात काही उरत नाही.

चार्जिंग ही दुसरी जागा जिथे फोनची सवय गाडीवर लादली गेली. पुणे-कोल्हापूर महामार्गावर साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे. गन लावली, गाडीने आवाज दिला, पण वीज सुरू व्हायला ॲप लागतं. ते डाउनलोड करा, नंबर टाका, ओटीपीची वाट पाहा, वॉलेटमध्ये कंपनी ठरवील तेवढी किमान रक्कम भरा, मग क्यूआर स्कॅन करा. ओटीपी येईना. मागे एक कुटुंब गाडी लावून ताटकळलेलं. तेवढ्यात हॉटेलचा वॉचमन आला, स्वतःचा फोन काढला. त्यात चार-पाच कंपन्यांची ॲप, सगळ्यांत थोडे-थोडे पैसे. त्याने चार्जिंग सुरू करून दिलं, युनिटांचे पैसे माझ्याकडून यूपीआयने घेतले, वर चहापाण्याचे वेगळे. माणूस हुशार. ज्या देशात भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर आहे आणि कोणाचंही कोणाला चालतं, तिथे विजेचा पंप मात्र ज्याच्या-त्याच्या वॉलेटमध्ये अडकलेला, आणि मधली फट बुजवायला वॉचमन!

युरोपात एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर साध्या कार्डाने पैसे घेणं सक्तीचं आहे. आपल्याला कार्डाचीही गरज नाही, यूपीआय २०१६ पासून आहे. महाराष्ट्राच्या २०२५ ते २०३० च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात १,९९३ कोटींची तरतूद आहे, महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असावं असं उद्दिष्ट आहे, अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर टोलमाफी आहे. टोलमाफी गोड लागते, नाही म्हणत नाही. पण सरकारी पैशाचा किंवा सरकारी जागेचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक चार्जरवर ॲपशिवाय, थेट यूपीआयने पैसे घेतले जावेत, आणि तो चार्जर महिन्यातले किती तास चालू होता ते जाहीर व्हावं, या दोन अटींना एक रुपयाही लागत नाही. बंद चार्जरही आज केंद्रांच्या संख्येत मोजला जातो.

आता दुसरी बाजू. दुरुस्ती खुली करा म्हटलं की कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षितता. आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गाडीच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतो. चुकून हात लागला तर दुसरी संधी मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, त्याच जूनमध्ये वसईत एक कार पेटली. त्यानंतरच केंद्राने बॅटरीचे सुरक्षा नियम कडक केले. कोणीही यावं आणि पाना-पकड घेऊन पॅक उघडावा, असं मीही म्हणणार नाही.

पण धोकादायक वस्तू सामान्य गॅरेजांच्या हाती देण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. सीएनजीचं उदाहरण घ्या. टाकीत दोनशे बारचा दाब, वरच्या डिकीत सामान, मागच्या सीटवर मुलं. तरीही सीएनजी किट बसवणारी हजारो स्वतंत्र केंद्रं देशभर आहेत. आरटीओची मान्यता लागते, किटला मंजुरी लागते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रात चाचणी करून घ्यावी लागते. म्हणजे धोका आहे म्हणून काम कंपनीच्या कुंपणात ठेवलं नाही. प्रशिक्षण, परवाना आणि तपासणी यांची साखळी उभी केली. अपघात होतात, बनावट प्लेटा लावणारेही असतात, पण रिक्षावाल्यांचं पोट त्या साखळीवर चाललं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा ट्रेड सुरू झाला आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या पोराला स्वतःचं गॅरेज टाकता येणार आहे, की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पगारावरच राहावं लागणार आहे, हे सॉफ्टवेअरची आणि सुट्या भागांची दारं किती उघडतात यावर ठरेल.

ही मागणी नवखी नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. आरोप हाच की सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणं या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. त्या वेळी चर्चा पेट्रोल-डिझेल गाड्यांची होती. प्रकरण अपिलांत गेलं, दंडाचं जे व्हायचं ते होत राहिलं. पण देशाच्या नियामकाने तत्त्व मान्य केलं होतं, हे महत्त्वाचं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअर पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते. ठीक आहे, पण कंपन्या ज्या अटी आधीच देत होत्या त्याच तिथे मांडल्या आहेत. पुढे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक ठरवायला समिती नेमली, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून आहे. दुकानात लॅपटॉपसारख्या वस्तूच्या किमतीशेजारी दहापैकी गुण लिहिलेले असतात. फ्रिजवरचे तारे बघून आपण फ्रिज घ्यायला शिकलोच ना? तसंच हेही शिकू. फक्त तो निर्देशांक मोबाइलपाशी थांबू नये. घरातली सर्वांत महाग इलेक्ट्रॉनिक वस्तू आता पार्किंगमध्ये उभी असते.

कोणी म्हणेल, मग पेट्रोलच बरं. मला तसं वाटत नाही, आणि पेट्रोलवाल्यांनीही फार हसू नये. २०२५ मध्ये पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सर्रास झालं तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांना कोणी विचारलं होतं? वस्तू विकल्यानंतर तिचे नियम परस्पर बदलायचे आणि ग्राहकाने जुळवून घ्यायचं, ही रीत दोन्हीकडे आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत फरक इतकाच की अजून वेळ आहे. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक इलेक्ट्रिक कार अजून वॉरंटीत आहेत. नेक्सॉन ईव्ही २०२० च्या सुरुवातीला आली, आठ वर्षांची वॉरंटी धरली तर पहिल्या गाड्या २०२८ मध्ये उघड्यावर येतील. तोपर्यंत नियम झाले तर झाले.

नियम फार मोठे नकोत. दुरुस्तीसाठी घेतलेल्या बॅटरी मॉड्यूलवर गाडीइतकाच, म्हणजे ५ टक्के कर असावा. मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं भाग मिळावेत. युरोपने जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी सात वर्षांची अट घातली आहे, मग गाडीला पंधरा मागणं जास्त नाही. वॉरंटी गाडीला असावी, मालकाला नव्हे. आणि बॅटरीची उरलेली क्षमता वाचण्याचं दार प्रत्येक गाडीत एकाच पद्धतीचं, कोणत्याही परवानाधारक केंद्राला उघडता येईल असं असावं.

या शेवटच्या गोष्टीसाठी नवं खातं उघडण्याचीही गरज नाही. गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३० भरावेच लागतात. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत त्यासोबत स्वतंत्र केंद्राने काढलेला बॅटरीचा दाखला जोडणं सक्तीचं केलं, की सेकंडहँड बाजारातली निम्मी भीती जाईल. केंद्रं कुठून आणायची? रस्त्याकडेला पीयूसीच्या व्हॅन उभ्या आहेत. त्यांच्याकडे आरटीओची मान्यता आहे, कॉम्प्युटर आहे, सरकारी पोर्टलशी जोडणी आहे, वाहनाचा नंबर टाकून दाखला छापायची सवय आहे. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, म्हणजे जसजशा या गाड्या वाढतील तसतसं त्यांचं काम आटत जाणार. त्यांना सायलेन्सरमध्ये घालायच्या नळीऐवजी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची एक वायर द्या, आणि ती वायर लावल्यावर गाडीने उत्तर दिलंच पाहिजे असा आदेश कंपन्यांना द्या.